मार्क पोचले म्हणता, मग पोच द्या की!

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

ॲडमिशनला मुलांचे मार्क आता थेट कॉलेजला जातात, पण काय पोचलं ते मुलालाच कोणी सांगत नाही, त्यावर लिहितेय. पत्र लांबणार आहे हे आधीच सांगते. मोबाईलवर टाईप करतेय आणि मध्येमध्ये गिऱ्हाईक येतंय, त्यामुळे कुठे वाक्य लांबलं, कुठे तुटलं तर सांभाळून घ्या. जागा कमी पडली तर काटछाट करा, पण मॅडमनी मॉनिटर फिरवला तो किस्सा तेवढा कापू नका, सगळं त्याच्यासाठीच लिहितेय.

इंदूरला रामबागेच्या बाजूला आमचं ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे. मिस्टरांनी सुरू केलं तेव्हा एसटीडी पीसीओ होतं, काचेची केबिन आणि लाल आकड्यांचं मीटर, रात्री रेट कमी झाला की पुण्या-मुंबईला फोन लावायला अर्धी गल्ली लायनीत. मग सायबर कॅफे झालं, आणि आता बरीच वर्षं कियॉस्क. वीजबिल, समग्र आयडी (मध्यप्रदेश सरकारचा रहिवाशांचा नंबर), जातीचा दाखला, मूलनिवासी म्हणजे रहिवासी दाखला, सगळं करतो, पण खरा सीझन मे ते ऑगस्ट, बारावीचा रिझल्ट लागला की ॲडमिशनचे फॉर्म. त्या चार महिन्यांत मी घरी वरण-भाताच्या वर काही रांधत नाही, पोरं म्हणतात आई तुझा श्रावण मे मध्येच सुरू होतो.

तर विषय असा की मुलांचे मार्क आता कॉलेजला कसे पोचतात.

पूर्वी आम्ही टाईप करायचो. मुलगा अंकसूची घेऊन यायचा (इकडे मार्कशीटला अंकसूचीच म्हणतात, आम्ही मराठी लोकंसुद्धा), ती कीबोर्डला टेकवून उभी करायची आणि विषयामागून विषय मार्क भरायचे, मग प्रिंटआऊट काढून मुलाच्या हातात द्यायचा, त्याने बोट ठेवून एकेक आकडा बघायचा, खाली सही करायची आणि तेव्हाच मी सबमिटचं बटण दाबायची. एकदा मी एका मुलाचे केमिस्ट्रीत ६७ च्या जागी ७६ टाकले होते. त्यानेच पकडलं. म्हणाला काकू, नऊ मार्क फुकट दिलेत मला. चूक माझीच होती, पण ती कागदावर होती आणि कागद मुलाच्या हातात होता.

आता तसं नाहीये. एमपी बोर्डाच्या, म्हणजे भोपाळच्या आमच्या राज्य बोर्डाच्या, मुलाचा रोल नंबर टाकला की नाव, विषय, मार्क आपोआप समोर. सीबीएसईवाल्यांचं डिजिलॉकर, सरकारचं कागदपत्रांचं ऑनलाईन कपाट, म्हणजे शाळा सहा आकडी पिन देते, त्याने खातं उघडायचं आणि मार्कशीट तिथे येऊन पडते, मग कॉलेजच्या पोर्टलने मागितली की मुलगा परवानगी देतो आणि पोर्टल ती थेट उचलून घेतं. (तो पिन दहातली चार मुलं हरवतात, कोणी वहीच्या पाठीमागे लिहिलेला असतो, कोणाच्या मम्मीच्या व्हॉट्सॲपवर, ते सोडा.) सीयूईटीचं, म्हणजे युनिव्हर्सिटी प्रवेशाच्या देशभरच्या परीक्षेचं, तिसरंच. परीक्षा घेते एनटीए ही केंद्राची संस्था, आणि स्कोर युनिव्हर्सिट्यांना तीच सोपवते, मुलाने फक्त ॲप्लिकेशन नंबर द्यायचा. आपल्या देवी अहिल्या विद्यापीठाचे डिपार्टमेंटचे बरेचसे कोर्स २०२२ पासून सीयूईटीवर गेलेत, त्यामुळे आमच्याकडे दर वर्षी एक तरी आई विचारतेच की अहो हे १८७ च्या पुढे टिंब देऊन एवढी आकड्यांची शेपटी कसली, पेपर तर अख्ख्या मार्कांचा होता, बरोबरला पाच आणि चुकलं की उणे एक. मग मला जमेल तसं नॉर्मलायझेशन, म्हणजे वेगवेगळ्या शिफ्टच्या पेपरांचे मार्क एका पातळीवर आणायचं गणित, समजावून सांगते. अर्ध्यांना पटत नाही. मलाही सगळं पटलेलं नाहीये.

आणि हे मार्क आपोआप जाणं वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाहीये हां, उलट. खोट्या मार्कशीटांचा धंदा काय होता ते मध्यप्रदेशात राहणाऱ्यांना सांगायला नको, व्यापमनंतर (प्रवेश आणि नोकरभरतीच्या परीक्षांचा तो घोटाळा) तर आमच्या राज्याचं नावच पडलंय. बोर्डाकडून थेट आलेला आकडा कोणी रबराने पुसून बदलू शकत नाही. डिजिलॉकर २०१५ मध्ये आलं आणि २०१७ मध्ये आयटीच्या नियमात दुरुस्ती झाली की त्याच्यातलं इश्यू केलेलं डॉक्युमेंट ओरिजिनलच्या बरोबरीचं मानायचं. अटेस्टेड करायला आम्ही कुठल्या तरी डॉक्टर नाहीतर प्रिन्सिपॉलच्या दारात तासन्‌तास उभं राहायचो, तेही गेलं. सगळं मान्य.

घोडं अडतं ते पुढे. मार्क निघाले बोर्डाकडून, पोचले कॉलेजला, पण नेमकं काय पोचलं हे ज्याचे मार्क त्यालाच कोणी सांगत नाही.

आता तो किस्सा. शहरातलंच एक कॉलेज, नाव घेत नाही. आमच्या मागच्या गल्लीतली एक मुलगी, कॉमर्सची, सीबीएसई. हुशार, पण इकॉनॉमिक्सचा पेपर बिघडला होता तिचा. मार्क मला पाठ झालेत, इतक्या वेळा पाहिले: इंग्लिश ९१, अकाऊंट्स ७८, बिझनेस स्टडीज ८८, इकॉनॉमिक्स ६२, फिजिकल एज्युकेशन ९५, आणि सहावा विषय इन्फॉर्मॅटिक्स प्रॅक्टिसेस, आयपी म्हणतात ते, त्यात ९७. कॉलेजच्या माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलेलं, इंग्लिश धरून बेस्ट फाईव्ह. म्हणजे ६२ काढून ९७ धरायचे, बेरीज ४४९, टक्के ८९.८. फॉर्म मी भरला, डिजिलॉकर जोडलं, हिरवी टिकली आली, पोर्टलवर वाक्य आलं की ॲकॅडेमिक डेटा रिसीव्ह्ड. मी मुलीला म्हटलं जा, झालं तुझं काम, पेढे घेऊन ये.

पहिली लिस्ट लागली, ८५ वर बंद. नाव नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आत मुलगी आणि तिची आई पायरीवर. आई चिडलेल्या. "तुम्ही मार्क चुकीचे टाकलेत का?" आता काय सांगू, मी तर एकही आकडा टाकला नव्हता, टाकायला जागाच नसते! पण त्यांनी तरी कोणाला विचारायचं, त्यांच्यासमोर माणूस असा मी एकटीच. स्क्रीनवर फक्त रिसीव्ह्ड. काय रिसीव्ह्ड, किती रिसीव्ह्ड, दाबून बघायला काही नाही.

कॉलेजात गेल्या. खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, "बोर्ड से जो आया वही है, हम कुछ नहीं करते." बोर्डाच्या हेल्पलाईनला फोन लावला तर म्हणे मार्क पाठवलेले आहेत, कॉलेजशी बोला. कॉलेज म्हणे बोर्डाशी बोला. डिजिलॉकर उघडलं तर त्यात सहाच्या सहा विषय ठणठणीत. असे दोन दिवस गेले आणि दुसरी लिस्टही लागली. तिसऱ्या दिवशी मीच दुकानाला कुलूप लावून त्यांच्याबरोबर गेले, कारण एक तर वाईट वाटत होतं आणि दुसरं म्हणजे गल्लीत माझं नाव खराब होत होतं, खरं ते सांगते.

त्या दिवशी खिडकीवर दुसऱ्या मॅडम होत्या. आडनाव ऐकलं आणि मराठीत बोलायला लागल्या, आमच्या इंदुरी मराठीत, म्हणजे अर्धं हिंदी. त्यांनीही आधी तेच सांगितलं, आमच्याकडे जे आलं ते आलं. मी म्हटलं मॅडम काय आलं ते तरी दाखवा. त्या एक क्षण थांबल्या, मागे वळून बघितलं, आणि दोन्ही हातांनी मॉनिटर धरून खिडकीकडे फिरवला. मागची वायर ताणली गेली, डब्यातले पेन सांडले. मुलीने जाळीतून बोट घालून मोजलं, एक, दोन, तीन, चार, पाच. "मॅडम, हे पाचच आहेत. माझे सहा आहेत."

बस. एवढंच होतं. त्यांच्या सॉफ्टवेअरने मार्कशीटवरचे पहिले पाच विषय उचलले होते, सहावा घेतलाच नव्हता. बेरीज ४१४, टक्के ८२.८. बोर्डाने बरोबर पाठवलं, डिजिलॉकरने बरोबर दिलं, मुलीने बरोबर भरलं, आणि मधल्या कुठल्या तरी रांगेत ९७ मार्क सांडले. दोन दिवस तीन ठिकाणी कोणाला न सापडलेली चूक मुलीला अर्ध्या मिनिटात सापडली, कारण ते मार्क तिचे होते! तिच्याइतके ते कोणाला पाठ असणार?

पण दुरुस्त व्हायला नऊ दिवस लागले, कारण सॉफ्टवेअरवाली कंपनी दुसऱ्या शहरातली, तिला मेल करायचा, मग तिकडून तक्रारीचा तिकीट नंबर येतो, मग त्या तिकिटावर कोणीतरी बसतं. शेवटी सीएलसीमध्ये, म्हणजे कॉलेज लेव्हलला उरलेल्या सीटा भरतात त्यात, तिला जागा मिळाली, पण हव्या त्या कोर्सला नाही. मुलगी शिकतेय, बरं चाललंय. तिची आई माझ्याशी आता नीट बोलते पण फॉर्म दुसरीकडे भरते.

आता कोणी म्हणेल एका सॉफ्टवेअरची चूक, त्यात काय. पण ही गोष्ट मुळातच घोळ होण्यासारखी आहे. सीबीएसई एकूण बेरीज आणि टक्केवारी देतच नाही, फक्त विषयवार मार्क देते, आणि पाचापेक्षा जास्त विषय असले तर बेस्ट फाईव्ह कुठले ते घेणाऱ्या कॉलेजने ठरवायचं असा त्यांचा नियम आहे. एमपी बोर्डाच्या अंकसूचीवर मात्र बेरीज असते. आता एकाच पोर्टलवर दोन्हीकडचा डेटा आला की एकीकडे बेरीज आयती मिळते आणि दुसरीकडे स्वतः करायची, कोणते पाच धरायचे ते प्रत्येक कोर्सचं वेगळं, एकाला मॅथ्स पाहिजे, दुसऱ्याला इंग्लिश सक्तीचं. म्हणजे कॉलेजला पोचतात ते नुसते मार्क, मेरिट त्यातून तिथे शिजतं. आणि शिजताना झाकण लावलेलं.

नावाचं दुखणं तर आपलं मराठी लोकांचं खास. इकडच्या हिंदी घरांत नाव आणि आडनाव, झालं. आपल्याकडे मध्ये वडील असतात. आधारवर वडिलांचं नाव आहे, मार्कशीटवर नाही, समग्रमध्ये नुसतं पहिलं नाव, आणि आडनावाचं स्पेलिंग शाळेच्या बाबूने कधीकाळी त्याच्या मूडप्रमाणे लिहिलेलं. धार-देवासकडचे पवार बघा, एकाच वाड्यातला एक पवार, एक पंवार, एक पुआर. मशीनला हे तीन वेगळे लोक! मग पोर्टल म्हणतं डेटा नॉट फाउंड, आणि मुलाला वाटतं आपले मार्कच गेले. गेलेले नसतात, तिथेच पडलेले असतात, फक्त दारावरची पाटी जुळत नाही. हे कोणी लिहून दाखवलं की बाबा मार्क आलेत पण नाव असं असं आलंय, तर अर्धी मुलं स्वतःच निस्तरतील, पण नाही, एकच लाल ओळ, आणि मुलगा रात्रभर जागा.

अजून एक आहे, ते लोकांच्या लक्षात येत नाही. मार्क एकदा लागले म्हणजे कायमचे लागले असं राहिलेलं नाही. सीबीएसईत री-इव्हॅल्युएशन होतं, मार्क बदलतात. एमपी बोर्डाने २०२५ पासून पुरवणीच्या जागी दुसरी परीक्षा आणली, म्हणजे आधी एक रिझल्ट, मग त्याच विषयाचा पुन्हा पेपर आणि चांगले मार्क धरायचे. मेडिकलच्या नीट २०२४ ला तर ग्रेस मार्क दिले आणि परत काढून घेतले, १५६३ मुलांचे, आणि नंतर एका फिजिक्सच्या प्रश्नावरून सुप्रीम कोर्टाच्या सुनावणीनंतर सगळीच यादी बदलली. तर एका मुलाचे दोन रिझल्ट असतील तेव्हा कॉलेजकडे कुठला गेला, जुना की नवा? आमच्याकडे एक मुलगा आला होता, त्याचे अकाऊंट्सचे सात मार्क वाढलेले, डिजिलॉकरमध्ये नवीन मार्कशीट आली पण पोर्टलने जुनी आधीच उचलून ठेवलेली. त्याला माहीतच नव्हतं. मला पण नव्हतं, मी आपलं सवयीने विचारलं म्हणून निघालं.

आमच्या वरच्या मजल्यावर एक मुलगा आहे, इथल्याच एसजीएसआयटीएस इंजिनिअरिंग कॉलेजातून झालेला, मागच्या वर्षी अमेरिकेला गेला. त्याचा जीआरईचा, म्हणजे तिकडच्या पुढच्या शिक्षणाच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म इथेच बसून भरला, म्हणून तिकडचं कसं चालतं तेही थोडं पाहिलं. परीक्षेच्या दिवशीच चार युनिव्हर्सिट्या फुकटात निवडायच्या, प्रत्येकीचा चार आकडी कोड, स्कोर मग परीक्षा घेणारे ईटीएसवाले थेट तिकडे इलेक्ट्रॉनिक पाठवतात, मुलाच्या हातातून काही जातच नाही. स्कोर पाच वर्षं चालतो. पठ्ठ्याने गडबडीत टेक्सासच्या एका कॅम्पसऐवजी दुसऱ्याचा कोड टिचकवला, कारण युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास म्हणून यादीत ऑस्टिन वेगळं, डॅलस वेगळं, आर्लिंग्टन वेगळं, आणि मग पैसे भरून परत पाठवावा लागला. ही त्याची चूक, आणि भुर्दंडही त्यालाच. पण मला जे आवडलं ते वेगळंच. प्रत्येक युनिव्हर्सिटीने त्याला एक पान दिलं होतं, त्यावर यादी, ट्रान्स्क्रिप्ट आलं, शिफारसपत्रं दोन आली एक बाकी, जीआरई अजून नाही. एका ठिकाणी बरेच दिवस अजून नाहीच होतं. त्याने मेल टाकला, निघालं काय, तर पासपोर्टप्रमाणे जीआरईत वडिलांचं नाव होतं आणि ॲप्लिकेशनमध्ये त्याने ते गाळलेलं. बघा, अमेरिकेत गेलं तरी वडील आडवे आलेच! पण त्यांनी दोन दिवसांत जोडून दिलं, आणि पोरगं रात्री दोनला दार वाजवायला आलं की काकू आलं, रिसीव्ह्ड आलं. मिस्टर जाम चिडले होते.

तिकडचं सगळं सोन्याचं असं म्हणायचं नाहीये मला. आपल्याकडेही होतं, दिल्ली विद्यापीठात होतं. तिथल्या सीएसएएस पोर्टलवर सीयूईटीचा स्कोर आपोआप येतो, आणि मग कोर्सप्रमाणे मेरिटचा स्कोर लावून मुलाला दाखवतात, त्याने तो बघून कन्फर्म करायचा असतो. आमच्याकडून दोन मुलींनी भरला, दोघींना तो स्क्रीन दिसला, मी स्वतः पाहिला. म्हणजे जमत नाही असं काही नाही. हजारो मुलांचं दिल्लीला जमतं तर आमच्या गावातल्या कॉलेजांना का जमू नये?

माझी मागणी म्हणून एवढीच आहे. पोच द्या.

माझे वडील पोस्टाचे फार भक्त होते. मी बारावी झाले तेव्हा पुण्याला एका कॉलेजात माझी कागदपत्रं रजिस्टर एडीने पाठवली होती त्यांनी, आणि आठवड्याने ते कार्ड परत आलं, मागे कोणाची तरी वाकडीतिकडी सही आणि तारीख. ॲडमिशन झालं नाही, ते जाऊ द्या, पण ते कार्ड त्यांनी किती तरी दिवस पंचांगाच्या मागे खोचून ठेवलं होतं. मी विचारलं कशाला, तर म्हणाले, पोचलं याचा पुरावा आहे तो, उद्या कोणी म्हणायला नको की आलंच नाही. आणि आता बघा, इतक्या वर्षांनी मार्क भोपाळहून डोळ्याची पापणी लवायच्या आत येतात आणि पोच मात्र नाही. पोस्टमन सायकलवरून जे करत होता ते पण नाही.

पोच म्हणजे काय, तर कॉलेजने मुलाच्या मोबाईलवर पाठवायचं की तुमचं नाव आमच्याकडे असं आलंय, बोर्ड हे, विषय आणि मार्क हे हे हे, अमुक तारखेला घेतले, यातले हे पाच धरले, टक्के इतके. चूक असेल तर इतक्या दिवसांत इथे सांगा, आणि ते दिवस मेरिट लिस्ट लागायच्या आधीचे पाहिजेत. लिस्ट लागल्यावर विचारण्यात काय अर्थ, ते वरातीमागून घोडं. आणि 'इथे सांगा' म्हणजे चॅटबॉट नाही हां, जिवंत माणूस, ज्याला तो आकडा दुरुस्त करायची पॉवर आहे असा. नुसतं 'फॉरवर्ड कर दिया है' म्हणणारा नको.

मला माहितीये काय उत्तर येईल. इतक्या मुलांना मेसेज पाठवायचा खर्च. अहो पण फी भरली की अर्ध्या मिनिटात मेसेज येतो, रुपये अमुक प्राप्त झाले, धन्यवाद. फी भरायची शेवटची तारीख जवळ आली की दिवसाला तीन येतात. पैशाची पोच देता, मार्कांची द्यायला काय होतं?

दुसरं उत्तर येईल की मुलं मग उगाच तक्रारी करतील. करतील की, काही उगाच करतील. पण आज ती मुलं तक्रार करत नाहीत का? करतात, माझ्याकडे करतात. माझी खुर्ची कॉलेजची नाही, मी तीस रुपयांत फॉर्म भरणारी बाई, मला त्यांचं काय दिसतं, त्यांच्याइतकंच दिसतं.

आणि एक गंमत सांगायची राहिली. मार्क थेट पोचलेले असतात ना, तरी ॲडमिशनच्या दिवशी कॉलेज मार्कशीटच्या तीन झेरॉक्स मागतं, वर राज्य सरकारच्या फी भरण्याच्या मेधावी योजनेसाठी अजून एक सेट (एमपी बोर्डाला ७० टक्के आणि सीबीएसईला ८५ अशी अट आहे त्यात, म्हणजे तिथे परत तेच टक्के, परत तेच पोर्टल, परत तोच बेस्ट फाईव्हचा गोंधळ). झेरॉक्स मशीन माझंच आहे, दोन रुपये पान, त्यामुळे मी बोलू नये खरं तर, सीझनला त्याच्यावरच दुकानाचं भाडं निघतं. पण बोलते. जे तुमच्याकडे आधीच आलंय ते परत का मागता? आणि परत मागताच आहात तर निदान ते शेजारी ठेवून कॉम्प्युटरमधल्याशी ताडून तरी बघा. ते करत नाहीत, फायलीला टाचणी लावतात आणि कपाटात.

मी माझ्यापुरतं एक सुरू केलंय. फॉर्म भरला की पावतीच्या मागे मुलाच्याच हाताने सगळे विषय आणि मार्क लिहून घेते, कोणते पाच धरायला पाहिजेत ते माहितीपत्रक वाचून गोल करते, बेरीज त्यालाच करायला लावते (कॉमर्सची पोरंसुद्धा मोबाईल काढतात हो बेरजेला) आणि सांगते की कॉलेजात जाशील तेव्हा हे दाखव आणि विचार, तुमच्याकडे हेच आलंय का. दहातल्या तीन ठिकाणी सांगतात. बाकीकडे 'सर्वर डाऊन है'.

परवा दुसऱ्या एका मुलाच्या कामाला त्याच कॉलेजात गेले होते. त्याच मॅडम होत्या खिडकीवर. मॉनिटर आता त्यांनी कायमचा तिरका करून ठेवलाय, जाळीतून दिसेल असा, आणि पेनचा डबा खाली ड्रॉवरमध्ये. मी हसले तर म्हणाल्या, मान दुखते हो अशी वाकडी करून टाईप करताना, पण लाईन लवकर सरते. कोणी वरचा साहेब आला की सरळ करून ठेवते म्हणाल्या.

आपली,
एक फॉर्म भरणारी काकू,
रामबाग, इंदूर